चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये

पितळी पाटी. चारपैकी एक स्क्रू गळालेला. सहा माणसे किंवा ४०८ किलो. याहून अधिक भार नेऊ नये.

*

गॅसच्या रांगेत एक बाई दुसरीला म्हणते, "कालच्यापेक्षा आज महाग, पण उद्याच्यापेक्षा आज स्वस्त. घेऊन टाक बाई, सेल लागलाय."

*

दादाचे बूट अजून दाराशी आहेत. वहिनी ते उचलत नाही आणि कुणाला उचलूही देत नाही. लेस बांधलेल्याच. तो त्या कधी सोडायचा नाही, टाचेवर टाच रगडून पाय काढायचा.

*

चौकशी अहवाल, पान सहा: "सदर दुर्घटना मृत कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक हलगर्जीपणामुळे घडली. खात्याचा कोणताही दोष आढळून येत नाही."

*

लिफ्ट हाताने हलवायला दोन माणसं लागतात. एकाने ब्रेकचा दांडा उचलून धरायचा, दुसऱ्याने चाक फिरवायचं. दांडा सोडला की ब्रेक लागतो, आणि चाकाला दोन्ही हात लागतात.

*

"तुमचे टक्के! आमचे धक्के!"

*

या सगळ्याची गाठ पडली ती एका सरकारी इमारतीत, भर दुपारी, साडेबाराच्या सुमाराला.

इमारत आठ मजल्यांची आणि जुनी. मधोमध लोखंडी जाळीचा उभा पिंजरा, त्यात लिफ्ट, आणि पिंजऱ्याभोवती गोल गोल चढत जाणारा जिना. लिफ्टमधला माणूस जिन्यावरच्याला दिसायचा, जिन्यावरचा लिफ्टमधल्याला. साहेबलोकांना हे आवडायचं नाही म्हणून ते लिफ्टमध्ये फोनकडे बघत उभे राहायचे.

इथे सुरक्षा तपासणी खातं होतं. पूल, बॉयलर, लिफ्ट, पाळणे, जे जे म्हणून माणसाच्या डोक्यावर पडू शकतं त्या सगळ्याला दाखला इथून मिळायचा. खात्याच्या प्रमुखाला त्याची बायको सोडली तर सगळं शहर टक्केसाहेब म्हणायचं. त्याचा टक्का पोचल्याशिवाय दाखला निघत नसे, आणि पोचल्यावर तपासणीला जायची गरज उरत नसे. गॅस महागला, औषधं महागली, बसचं भाडं दोनदा वाढलं, पेन्शनी अडकल्या, तरी लोक गप्प होते. गेल्या आठवड्यात बाजारातला पादचारी पूल माणसांसकट खाली आला आणि नऊच दिवसांपूर्वी त्याला "सुस्थितीत" असा दाखला मिळाल्याचं बाहेर फुटलं. मग लोक जे घराबाहेर पडले ते परत गेलेच नाहीत. आज चौथा दिवस. समोरचा चौक माणसांनी असा भरला होता की वरून बघताना जमीन दिसत नव्हती.

वरून बघत होती ती लिफ्टची मेकॅनिक. छतावरच्या मशीनरूमच्या खिडकीतून, हातात ग्रीसचा डबा घेऊन.

वय बेचाळीस. निळा डगला, खिशात टेस्टर, केसांना पेन्सिल खोचलेली. काम दादाने शिकवलेलं. दादा सरकारी हॉस्पिटलच्या लिफ्टवर होता. त्या लिफ्टच्या ब्रेकचं अस्तर झिजून पत्रा घासत होता, आणि कागदोपत्री ते "बदलण्यात आले" होतं. एके दिवशी दादा अर्धा आत, अर्धा बाहेर असताना लिफ्ट सुटली. चाक फिरवायला दुसरा माणूस नव्हता. तोही फक्त कागदावर कामाला होता. दादाला बाहेर काढायला पंचेचाळीस मिनिटं लागली आणि त्यातली पहिली चाळीस तो बोलत होता.

त्याने खात्याला तीन पत्रं लिहिली होती. घरी तसं तो सांगायचा. चौकशीत खातं म्हणालं, असं एकही पत्र आवक झालेलं नाही. टेबलापलीकडे टक्केसाहेब बसला होता. त्याने मान वर न करता विचारलं होतं, "झालं यांचं? पुढचं कोण आहे?"

ठेकेदाराकडून या इमारतीची ड्यूटी तिने मागून घेतली त्याला चौदा महिने झाले होते. पगार कमी, बस दोन बदलायच्या. वहिनी म्हणाली, "कशाला जातेस त्या मेल्याच्या दारात?" ती म्हणाली, "पत्रं तिथेच आहेत, वहिनी. सरकारी माणूस खाईल, पिईल, पण कागद फेकून देणार नाही. जीव जातो त्यांचा." चौदा महिने ती रेकॉर्ड रूमवरून जाता-येता कुलूप बघत होती. मोठं होतं.

*

साडेबाराला मशीनने हुंदका दिला. दोरखंड ताणून थरथरले, मोटार गुरगुरली, एक जळका उग्र वास आला आणि सगळं थंड पडलं.

ती पिंजऱ्याच्या तोंडाशी वाकली. खाली, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये, लिफ्ट लटकली होती.

"ए! कोण आहे वर? मेकॅनिक!"

तो आवाज तिने हजारात ओळखला असता.

"मी आहे, साहेब."

"अगं काय चाललंय काय हे? चालू कर लवकर!"

तेवढ्यात जिन्यावरून शिपाईमामांचा आवाज आला. मामा बावीस वर्षं खात्यात, रिटायर व्हायला चार महिने राहिलेले. "ताई, चौदा खोकी भरलीत आत! फायलींची! मीच वाहिलीत, पाठ मोडली माझी! आणि मला म्हणतात, तू जिन्याने ये, जागा नाही!"

"तू गप रे!" साहेब ओरडला.

तिच्या डोक्यात सगळं एका क्षणात लागलं. आठव्या मजल्यावरून मागच्या नव्या इमारतीत जायला बंद बोळ होता. तिकडच्या फाटकाशी गाडी उभी असणार. खाली लोक, म्हणून साहेब वरून निघाला होता, आणि रेकॉर्ड रूम बरोबर घेऊन.

चौदा खोकी. एकेक तीस-बत्तीस किलोचं. वर साहेब, स्वतःच नव्वद. या लिफ्टला जास्त भार भरला तर घंटी वाजून ती जागची हलू नये असं यंत्र गेल्याच वर्षी बसवलं होतं. म्हणजे तसा दाखला होता, साहेबाच्याच सहीचा. त्या यंत्राची रिकामी खोबण तिच्या डोळ्यांसमोर भिंतीत होती. तिथे कोळ्याने जाळं केलं होतं.

ती हसली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा या खोलीत कुणी हसलं असेल.

*

(पुढे कोर्टात.

"लिफ्ट तुम्ही मुद्दाम बंद पाडलीत?"

"नाही. ती साहेबांनी पाडली. मला एवढं चांगलं जमलं नसतं.")

*

"साहेब, मोटार जळाली," तिने खाली सांगितलं. "आता हातानेच."

"मग हाताने कर! वर घे मला."

"चाकाला दोन माणसं लागतात. दुसऱ्याची जागा तुम्ही भरलेली आहे, पण तो कधी आलाच नाही बघा."

"म्हणजे?"

"म्हणजे मी एकटी फक्त ब्रेक सोडू शकते. मग ती तिच्या वजनाने जाईल तिकडे जाईल."

"खाली?"

"भरलेली असेल तर खाली. दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी ठोकळे आहेत, साहेब. लिफ्ट त्यांच्यापेक्षा जड असली तर खाली जाते, हलकी असली तर वर येते. आत्ता तुम्ही जड आहात. सोडू?"

"नको!" साहेब किंचाळला. "थांब! सोडू नकोस!"

कारण खालून आता वेगळाच आवाज येत होता. मामा वर आलेच नव्हते. ते सरळ तळमजल्यावर गेले, मुख्य दाराची साखळी काढली, आणि बावीस वर्षं साहेबाच्या पाहुण्यांना म्हणत आले त्याच अदबीने म्हणाले, "या, या. लिफ्ट बंद आहे. जिन्याने जावं लागेल."

माणसं जिना चढू लागली. धावत नव्हती, ढकलत नव्हती, नुसती चढत होती. बसड्रायव्हर, नर्स, भाजीवाल्या, हातात हेल्मेट घेतलेले गवंडी, पुलावर माणूस गमावलेली एक पांढऱ्या ओढणीतली मुलगी. चौथ्या मजल्याच्या वळणावर पोचले आणि जाळीपलीकडे त्यांना तो दिसला. हाताच्या अंतरावर. खोक्यांच्या मध्ये, घामाने शर्ट अंगाला चिकटलेला.

कुणीतरी जाळी हलवून बघितली. कुलूप पक्कं होतं आणि किल्ली वर होती.

"मेकॅनिक," साहेबाचा आवाज एकदम मऊ झाला. "ताई. मला वर घ्या हो."

"वर घेते. मग वजन कमी करा, साहेब."

"कुठे टाकू?"

"जाळीतून. खोकं जाणार नाही. एकेक फाईल काढून सरकवा."

तो विचार करत होता. करू दे. तिने ब्रेकचा दांडा केसभर उचलला आणि सोडला. लिफ्ट चार बोटं खाली गेली आणि गचकन थांबली.

पहिली फाईल जाळीतून बाहेर पडली.

*

पहिलं खोकं: शाळांचे पाळणे आणि घसरगुंड्या. दुसरं, तिसरं: कारखान्यांचे बॉयलर. चौथ्या खोक्यात बाजारातला पूल निघाला. पांढऱ्या ओढणीतली मुलगी तो कागद हातात घेऊन पायरीवर बसली आणि तिच्याभोवती लोकांनी आपोआप जागा सोडली.

जिन्यावर एक निवृत्त शिक्षिका होत्या. पेन्शन सात महिने अडकलेली, आवाज मात्र शाबूत. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली, वर्गात शुद्धलेखन घालावं तशी, प्रत्येक शब्द सुटा करून. "प्रत्यक्ष पाहणी केली. पूर्णविराम. पूल सुस्थितीत आढळला. पूर्णविराम. सही." मग जाळीतून आत बघून: "सही तुमचीच ना? सरळ उभे राहा."

साहेब खरंच सरळ उभा राहिला. जिनाभर हसू उसळलं, आणि त्या हशात काही बरं नव्हतं.

"अजून किती?" तो वर बघून विचारी.

"अजून, साहेब."

आठवं रिकामं झालं. नववं. साहेबाची बोटं जाळीला घासून सोलली. एकदा त्याने अख्खा गठ्ठा एकदम कोंबला तर तो अडकला, आणि बाहेरच्यांनीच दोन बाजूंनी ओढून मदत केली. "सावकाश, साहेब, सावकाश. आम्हाला घाई नाही, चार दिवस इथेच आहोत आम्ही."

अकरावं खोकं संपलं तेव्हा तिने पुन्हा दांडा केसभर उचलला. चाक या वेळी उलट्या बाजूला कुरकुरलं. लिफ्ट हलकी झाली होती. आता ब्रेक सोडला असता तर ती गुमान वर आली असती.

"झालं का, ताई?"

तिने दांडा खाली ठेवला. "नाही हो. अजून जडच आहे."

*

("तुम्हाला ठाऊक होतं की लिफ्ट तेव्हा वर येऊ शकत होती?"

"हो."

"तरी तुम्ही खोटं बोललात."

"हो. एकदाच. त्यांचा दाखला बघता मी फारच कमी बोलले.")

*

बारावं. तेरावं. मग काहीच बाहेर येईना.

"एकच राहिलंय," साहेब म्हणाला. "लहान आहे. याचं काही वजन नाही."

"मग टाकायला काय जातंय?"

"हे माझं खासगी आहे."

"कसलं खोकं आहे मामा?" तिने विचारलं.

मामा चौथ्या मजल्याच्या वळणावर जाळीला नाक लावून उभे होते. "हॉस्पिटलं, ताई! वर लिहिलंय. माझंच अक्षर आहे."

तिचा हात दांड्यावर होता. तिने दुसरा हातही त्यावर ठेवला.

"टाका ते."

"हे बघ," साहेब हळू आवाजात म्हणाला. पिंजऱ्यात हळू आवाजही सरळ वर चढतो. "तू ठेक्यावर आहेस ना? तुला कायम करतो. आजच. खात्यात घेतो. घरी कोण कोण आहे तुझ्या?"

"वहिनी आहे. दादा होता. हॉस्पिटलच्या लिफ्टवर. दोन वर्षांपूर्वी लिफ्ट सुटली त्यात गेला. चौकशीला तुम्ही होतात. मी तुमच्या समोर बसले होते."

साहेब वर बघत होता. तिला वाटलं होतं, आता याच्या तोंडचं पाणी पळेल. हा क्षण तिने चौदा महिने घोटून घोटून तयार केला होता. बसमध्ये, झोपण्याआधी, भांडी घासताना. त्याचा चेहरा कसा उतरेल तेही ठरवलेलं होतं.

साहेबाने कपाळ पुसलं.

"कुठलं हॉस्पिटल?" तो म्हणाला.

तो टाळत नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. त्याच्याकडे बरीच होती.

तिने दांडा पूर्ण उचलला. लिफ्ट हातभर सरकन वर आली. दांडा सोडला, दणका बसला. साहेब गुडघ्यावर पडला. पुन्हा उचलला, पुन्हा हातभर, पुन्हा दणका.

"अगं ए! ब्रेक नीट आहे ना? तुटेल ती!"

"सुस्थितीत आहे, साहेब. दाखला तुम्हीच दिलाय."

तिसऱ्या दणक्यानंतर शेवटचं खोकं फुटल्यासारखे कागद जाळीतून बाहेर यायला लागले. त्याने एकही ठेवला नाही.

*

पत्रं तिन्ही निघाली. शिक्षिकाबाईंनी तिसरं वाचलं. ती मशीनरूममध्ये, दोरखंडांच्या भोकाशी कान लावून बसली होती.

"ब्रेकचे अस्तर पूर्ण झिजले आहे. पूर्णविराम. ते बदलेपर्यंत लिफ्ट बंद ठेवावी, ही विनंती. पूर्णविराम. हे माझे तिसरे पत्र आहे. पूर्णविराम." बाई थांबल्या. "खाली खात्याचा आवक शिक्का आहे. समासात हिरव्या शाईत शेरा आहे, 'फाईल करावे.' शेऱ्याखाली सही." मग त्यांनी चष्मा काढला आणि सांगितलं, "ताई, पुन्हा एकदा वाचते." आणि पुन्हा वाचलं, तसंच, पूर्णविरामांसकट. बसड्रायव्हरने फोनवर फोटो काढले, मग आणखी वीस जणांनी काढले, मग किती ते कुणी मोजलं नाही.

"मेकॅनिक," आतून साहेब म्हणाला. "आता वर घे. तू शब्द दिलायस."

"दिलाय," ती म्हणाली आणि ब्रेक सोडला.

लिफ्ट वर आली. पाचवा, सहावा, सातवा, अलगद, पिसासारखी. आठव्याला तिने ती अशी नेमकी थांबवली की उंबरठा आणि फरशी एका रेषेत. किल्ली घेऊन ती पायऱ्या उतरली, जाळी उघडली. साहेबाने बाहेर पाय टाकला. समोर बोळ होता, बोळाच्या टोकाला नवी इमारत. आणि बोळाच्या तोंडाशी, भिंतीला पाठ टेकून, दम खात, मंडळी उभी होती. लिफ्टपेक्षा जिना भरवशाचा असतो.

साहेबाने मागे बघितलं, पुढे बघितलं, मग तिच्याकडे. "तू म्हणाली होतीस..."

"वर घेते म्हणाले होते. घेतलं."

कुणीच पुढे आलं नाही. एक गवंडी म्हणाला, "ताई, द्या आमच्या ताब्यात." त्याच्या हातातलं हेल्मेट त्याने ज्या तऱ्हेने धरलं होतं ते तिला दिसलं. तिने मान हलवली.

"याला खालीच न्यायचंय. पण हा एकटा हलका आहे, एकटा खाली जाणार नाही. पाच माणसं द्या मला. पाचच. पाटी वाचा."

शिक्षिकाबाई आत शिरल्या, पत्रं घेऊन. पांढऱ्या ओढणीतली मुलगी. बसड्रायव्हर. तो गवंडी, हेल्मेट तिने त्याच्याकडून काढून घेतलं. पाचवे मामा, टोपी सारखी करत. "बावीस वर्षांत पहिल्यांदा बसतोय या लिफ्टमध्ये," ते साहेबाला म्हणाले. "जरा सरकता का?"

ती वर गेली. मनगटावरचं घड्याळ काढून चाकाशेजारी ठेवलं. दादाचं होतं.

आठ मजले ब्रेकवर उतरवायला, नीट काम केलं तर, सहा-सात मिनिटं पुरतात. तिने दांडा उचलला, वीतभर, सोडला. थांबली. काटा बघितला. उचलला, वीतभर, सोडला. प्रत्येक मजल्याला जाळीभोवती माणसं होती आणि प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी वाचत होतं, सहीसकट. मध्येच साहेब रडायला लागला, मध्येच त्याने पाणी मागितलं. मामांनी दिलं. दोन मजल्यांच्या मधे, जिथे ना वर दार ना खाली, तिथे ती जास्त वेळ थांबली. पहिली चाळीस मिनिटं साहेब बोलत होता. मग तोही गप्प झाला.

बरोबर पंचेचाळीस मिनिटांनी लिफ्ट तळमजल्याला टेकली. किल्ली तिने मामांकडे दिलेली होती. जाळी उघडली. चौकात इतके लोक आणि कुणी घोषणा देत नव्हतं. तो चालत बाहेर गेला. त्याला कुणी हात लावला नाही, की वाटही दिली नाही. एकेका माणसाला "जरा जाऊ द्या" म्हणत त्याला पोलिसांच्या गाडीपर्यंत पोचायला संध्याकाळ झाली.

वर ती दांड्यावरचा हात सोडवत होती. बोटं सुटत नव्हती. तिला वाटलं होतं, आता हलकं वाटेल. पण पुन्हा आठ मजले वर घेऊन पुन्हा उतरवावं, असंच वाटत होतं.

हॉस्पिटलची लिफ्ट सुटली त्या दिवशी दादाची सुट्टी होती; बूट दाराशी ठेवून तो चपलांवरच अस्तर बघायला गेला होता.